छोट्या बैठका बंद करू नका : आंतरधर्मीय सलोखा समित्यांना खुले पत्र

आंतरधर्मीय सलोखा समितीचे अध्यक्ष, कार्यवाह आणि सर्व सभासद यांस,

सप्रेम नमस्कार.

छोट्या गटांच्या पंधरवड्याच्या बैठका पुढच्या वर्षापासून बंद करायच्या आणि त्यांच्या जागी वर्षातून एकदा मोठा सर्वधर्म मेळावा भरवायचा, असा ठराव तुम्ही केला आहे. ठरावात तीन कारणे दिली आहेत: बैठकांना माणसे कमी असतात, बाहेरच्यांना काम दिसत नाही आणि बैठकांत वाद होतात. तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. त्यांवरून काढलेला निष्कर्ष मात्र आम्हाला मान्य नाही, आणि गप्प बसून तो पचवणे आमच्याच्याने होणार नाही. पत्र उघड लिहितो आहोत ते एवढ्यासाठी की हाच विचार इतरही समित्यांच्या मनात घोळत असणार, आणि ज्यांच्यासाठी हे काम चालते त्यांनाही त्यात बोलायचा हक्क आहे.

आम्ही या बैठका चालवणारे, म्हणजे संवादक. आमच्यापैकी काही जण न चुकता रोज प्रार्थना करतात, काहींनी कधीच केली नाही. काहींना आपलाच धर्म खरा वाटतो आणि ते तसे म्हणतातही. शेजारी बसलेल्यालाही त्याचाच खरा वाटतो. अशी दोन माणसे एकमेकांचा धाक न धरता आणि एकमेकांना फसवे गोड न बोलता दोन तास एका टेबलाशी बसू शकतात, हे आम्ही खात्रीने सांगतो, कारण ते कसे जमवून आणायचे हेच आमचे काम आहे. ठरावाने आमचे जे जाते आहे ते एवढेच, आणि ते आम्हाला फार मोलाचे आहे.

ठरावाला हात वर करणाऱ्यांपैकी बहुतेकांनी अशी एकही बैठक पूर्ण पाहिलेली नाही. म्हणून आधी बैठक म्हणजे काय ते सांगतो.

एका गटात ८ ते १२ माणसे. आठांहून कमी असतील तर दोघे गैरहजर राहिले की गट कोलमडतो. बारांच्या पुढे गेली की तिघे-चौघे बोलतात आणि बाकीचे श्रोते होतात. एका धर्माची किमान दोन माणसे, जमल्यास तीन. हा नियम सर्वात महत्त्वाचा आणि सर्वात जास्त मोडला जाणारा. एकटा आलेला माणूस स्वतःपुरते बोलूच शकत नाही. त्याच्या प्रत्येक वाक्याला ‘त्यांचे म्हणणे’ असा शिक्का बसतो आणि जगात कुठेही काही घडले की उत्तर त्याच्याकडे मागितले जाते. दोघे असले की ते आपापसांत असहमत होतात. एक म्हणतो, आमच्यात असे मानतात. दुसरा म्हणतो, आमच्या घरी तर असे कधी ऐकले नाही. ‘ते सगळे एकसारखेच’ या समजाला पहिला तडा इथे जातो, आणि तोही कुणी भाषण न करता.

बैठका सहा, दर पंधरा दिवसांनी, प्रत्येकी दोन तास, आणि माणसे सहाही वेळा तीच. पहिल्या दोन बैठकांत श्रद्धेच्या सिद्धांतांवर चर्चा नाही. दिवस कसा जातो, नाव कुणी ठेवले, लहानपणी पाठ झालेली प्रार्थना कोणती, ती आता म्हणता का, एवढेच. हा भाग पुष्कळांना वेळकाढू वाटतो. तो गाळून थेट धर्मावर गेलेले गट दुसऱ्या-तिसऱ्या बैठकीत फुटतात, कारण अनोळखी माणसाशी मतभेद झाला तर तो हल्ला वाटतो आणि ओळखीच्याशी झाला तर तो मतभेद वाटतो.

तिसऱ्या बैठकीपासून धर्मग्रंथांतले उतारे. प्रत्येकाच्या हातात एक कागद, त्यावर फार तर दहा-पंधरा ओळी, ओळींना क्रमांक, उजवीकडे लिहायला रुंद समास. एखाद्या शब्दाच्या अर्थावर वाद असेल तर दोन भाषांतरे शेजारी शेजारी. उतारा दोनदा मोठ्याने वाचायचा. मूळ भाषा येणारा कुणी असेल तर एकदा मुळातून. मग पाच मिनिटे शांतता, आणि प्रत्येकाने एकच शब्द अधोरेखित करायचा. त्यानंतर फेरी: कोणता शब्द, का. ज्याचा तो ग्रंथ आहे त्याने सर्वांत शेवटी बोलायचे. तो आधी बोलला तर प्रवचन होते आणि बाकीचे माना डोलावतात. शेवटी बोलला तर आपला रोजचा उतारा दुसऱ्याच्या कानाला कसा ऐकू येतो हे त्याला आयुष्यात पहिल्यांदा कळते. ही पद्धत आमच्या डोक्यातून निघालेली नाही. ज्यू, ख्रिस्ती आणि मुस्लिम अभ्यासकांनी एकत्र बसून आपापले ग्रंथ वाचण्याची अशी रीत १९९० च्या दशकात बांधली आणि ती आता विद्यापीठांबाहेरही वापरली जाते.

एक उतारा जवळून दाखवतो. योना या संदेष्ट्याची गोष्ट. हिब्रू बायबलमध्ये त्याचे चार अध्यायांचे छोटे पुस्तक आहे, ख्रिस्ती बायबलमध्येही तेच, आणि कुराणात हाच माणूस युनुस म्हणून येतो. त्याला मासा गिळतो तो प्रसंग सर्वांना माहीत असतो, म्हणून आम्ही तो घेत नाही. आम्ही घेतो ते झाड. बायबलमध्ये, चौथ्या अध्यायात, देवाने शहराचा नाश टाळला म्हणून योना शहराबाहेर रागावून बसलेला असताना देव त्याच्या डोक्यावर सावलीला वेल उगवतो, दुसऱ्या दिवशी किडा लावून तो वाळवतो, आणि वेलीसाठी हळहळणाऱ्या योनाला विचारतो की तुला या वेलीचे वाईट वाटते, मग मी या मोठ्या शहराची कीव करू नये काय? पुस्तक या प्रश्नावरच संपते, उत्तर दिलेले नाही. कुराणात, ३७ व्या सूरेच्या (अध्यायाच्या) १३९ ते १४८ या आयतींत (ओळींत), वेल आहे, पण ती माशाच्या पोटातून आजारी अवस्थेत उघड्यावर पडलेल्या युनुसवर आधाराला उगवते, आणि वाळल्याचा उल्लेख नाही. एकीकडे वेल धडा द्यायला येते, दुसरीकडे सांभाळायला. बायबलमध्ये शहरात १ लाख २० हजारांहून जास्त माणसे आहेत, कुराणात एक लाख किंवा त्याहून अधिक. इतके जवळ आणि इतके वेगळे.

याच टेबलाशी कुणी असा असतो ज्याच्या परंपरेत ही गोष्टच नाही. बायबलमधल्या शेवटच्या ओळीत माणसांच्या बरोबरीने ‘आणि पुष्कळ गुरेढोरे’ असे शब्द आहेत. अहिंसा प्राणिमात्रांपर्यंत नेणाऱ्या धर्मात वाढलेल्या माणसाची पेन्सिल नेमकी तिथे थांबते. वर्षानुवर्षे हा अध्याय वाचणाऱ्यांनी ते शब्द ओलांडून पुढे गेलेले असतात. ही ओळ त्यांना परक्याने परत दिली.

पाचवी बैठक अवघड. त्या दिवशी प्रत्येकाने आपल्याच ग्रंथातली किंवा परंपरेतली, आपल्याला स्वतःला खुपणारी गोष्ट आणायची. दुसऱ्याची आणायची परवानगी नाही. हा नियम एकदा जरी सुटला तरी बैठक संपली म्हणून समजा. सहाव्या बैठकीत सर्वांनी मिळून करायचे एखादे खरे काम ठरते, आणि ‘खरे’ म्हणजे जे कुणा एकट्याला जमणार नाही असे.

आता तुमच्या मेळाव्याकडे येतो.

पहिली आणि सर्वांत मोठी तक्रार ही की मेळाव्यात माणसे एकत्र येतात, भेटत नाहीत. मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ साली मांडले की दोन गटांच्या नुसत्या संपर्काने पूर्वग्रह कमी होईलच असे नाही; दोन्हीकडची माणसे त्या प्रसंगात समान पातळीवर हवीत, ध्येय एक हवे, ते गाठायला एकमेकांची मदत लागावी आणि वरच्यांचा पाठिंबा असावा. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात अमेरिकेत ओक्लाहोमा इथे मुझफ्फर शेरीफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २२ मुलांच्या शिबिरात दोन गट पाडले, स्पर्धा लावल्या, आणि दोन्हींत हाडवैर उभे राहिले. मग त्यांना एकत्र चित्रपट दाखवले, एकत्र जेवायला बसवले. मुलांनी एकमेकांवर अन्न फेकले. शिबिराचे पाणी बंद पडले आणि सर्वांना मिळून शोधावे लागले, बंद पडलेली मालमोटार सर्वांना मिळून दोराने ओढावी लागली, तेव्हा कुठे वैर ओसरू लागले. मोठी माणसे अन्न फेकत नाहीत, आपापल्या ओळखीच्यांच्या घोळक्यात बसून जेवतात आणि घरी जातात. मेळाव्याच्या भोजनाच्या वेळी कोण कुणाशेजारी बसले आहे हे एकदा नीट पाहा.

पुढे २००६ साली थॉमस पेटिग्रू आणि लिंडा ट्रॉप यांनी अशा ५१५ अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र तपासले. अडीच लाखांहून अधिक माणसे, ३८ देश. संपर्काने पूर्वग्रह कमी होतो, आणि ऑलपोर्ट यांच्या अटी पाळल्या तर आणखी कमी होतो. याच दोघांचा २००८ चा निष्कर्ष तुमच्या ठरावाशी थेट भिडतो. संपर्क नेमका कशामुळे काम करतो हे त्यांनी तपासले: दुसऱ्याविषयी माहिती वाढते म्हणून, त्याच्याविषयी मनातली धास्ती कमी होते म्हणून, की त्याच्या जागी स्वतःला ठेवता येते म्हणून? माहितीचा वाटा सर्वांत कमी निघाला. धास्ती आणि सहानुभूती यांचा मोठा. मेळाव्यात तुम्ही देता ती माहिती: प्रत्येक धर्माची ओळख, वीस-वीस मिनिटे. धास्ती वीस मिनिटांच्या भाषणाने जात नाही. तिसऱ्यांदा भेटताना ती पहिल्यापेक्षा कमी असते, पाचव्यांदा आणखी कमी, आणि त्यासाठी तीच माणसे पुन्हा भेटावी लागतात.

दुसरी तक्रार व्यासपीठाची. प्रत्येक धर्माचा एक प्रतिनिधी, ओळीने खुर्च्या. हा प्रतिनिधी कोण निवडतो? शिकागोला १८९३ साली ११ ते २७ सप्टेंबर भरलेल्या सर्वधर्म परिषदेचे नाव आपण आदराने घेतो आणि घ्यायलाच हवे. पण तिथे इस्लामची बाजू मांडणारा प्रमुख वक्ता होता अलेक्झांडर रसेल वेब, म्हणजे नव्याने इस्लाम स्वीकारलेला एक अमेरिकन. शिखांना तिथे जागा नव्हती, आणि ज्या भूमीवर परिषद भरली त्या भूमीच्या मूळ रहिवाशांच्या श्रद्धांनाही नव्हती. व्यासपीठावर कोण आहे यापेक्षा कोण नाही हे आधी मोजावे लागते. तुमच्या गेल्या मेळाव्याच्या निमंत्रणपत्रिकेत स्त्रियांची नावे आहेत ती स्वागतगीताला आणि आभारप्रदर्शनाला. धर्म सोडलेले, कुठलाच धर्म न मानणारे, दोन धर्मांच्या आईवडिलांची मुले यांचे एकही नाव नाही, आणि पूर्वग्रहाचे चटके यांनाही बसतात.

खुर्च्यांवरून आठवले. फतेहपूर सिक्रीला अकबराने १५७५ साली इबादतखाना बांधला तेव्हा सुरुवातीला फक्त मुस्लिम विद्वानच बोलावले होते. तरीही पहिला तंटा तत्त्वज्ञानावरून झाला नाही. कोण कुठे बसणार, कुणाचा मान आधी, यावरून झाला, आणि अखेर बादशहाने चार वर्गांना चार बाजू नेमून दिल्या. गोल मांडणी, सारख्या खुर्च्या आणि नावांपुढे पदव्या नाहीत, हा आमचा हट्ट तुमच्यातल्या काहींना पोरकट वाटतो. साडेचारशे वर्षांचा अनुभव त्याच्या पाठीशी आहे.

तिसरी तक्रार एका वाक्याची. ‘सगळे धर्म शेवटी एकच सांगतात.’ मेळाव्यात हे वाक्य किती वेळा येते! बोलणाऱ्याचा हेतू चांगला असतो, आणि म्हणूनच ते खोडून काढणे जड जाते. पण ऐकणाऱ्याच्या जागी बसा. कुणाचा आत्म्यावर विश्वास आहे, कुणाच्या धर्मात आत्मा नाही. कुणाचा पुनर्जन्म, कुणाचा एकच जन्म आणि निवाडा. कुणाला देव माणूस झाला हे जगातले सर्वांत मोठे सत्य, कुणाला तेच सर्वांत मोठे पाप. ज्याने या फरकासाठी आयुष्य वेचले त्याला ‘एकच आहे’ म्हणणे म्हणजे तुझे जे खास आहे ते आम्ही ऐकणार नाही असे सांगणे. वर सांगितलेली वेल आठवा. ‘एकच गोष्ट आहे’ म्हटले की ती वेल हातून गेली. दुसऱ्याचा आदर करायला तो आपल्यासारखा असावा लागतो, ही अट या वाक्यात लपलेली आहे. सहिष्णुतेची खरी कसोटी लागते ती जिथे तो आपल्यासारखा नसतो तिथे.

आपल्या भाषेला हे नवे नाही. एकनाथांनी सोळाव्या शतकात ‘हिंदु-तुर्क संवाद’ लिहिला. त्यातले दोघे एकमेकांच्या देवाच्या, पूजेच्या, शास्त्राच्या उणिवा तोंडावर काढतात, अगदी कडू शब्दांत, आणि सगळे बोलून झाल्यावर एकमेकांना मिठी मारतात. मिठी शेवटी आहे. आपले मेळावे भांडण गाळून थेट मिठीवर येतात, म्हणून ती फोटोपुरती राहते.

बैठकांत वाद होतात, ही तक्रार म्हणूनच आम्हाला तक्रार वाटत नाही. वाद हाताळता न येणे ही तक्रार असू शकते, आणि तिथे आम्ही कमी पडलो असू तर सुधारणेची तयारी आहे. वाईट अनुभव निरुपद्रवी असतो असे आम्ही म्हणत नाही. एका कटू भेटीचा ठसा एका चांगल्या भेटीपेक्षा खोल उमटतो, हे २०१२ साली झालेल्या अभ्यासांतही दिसले आहे. म्हणूनच तर हाताळणी शिकावी लागते. आमची रीत लिहून देतो, म्हणजे इतर समित्यांनाही उपयोग होईल.

पूर्वग्रहाचे वाक्य आले, समजा ‘ते लोक असेच असतात’, की संवादकाने लगेच थांबवायचे, पण झिडकारायचे नाही. आधी विचारायचे: हे पाहिलेले, ऐकलेले की वाचलेले? पाहिले असेल तर एका प्रसंगाविषयी, एका माणसाविषयी बोला. मग तेच वाक्य ‘ते लोक’ काढून ओळखीच्या एखाद्या माणसाचे नाव मनातल्या मनात घालून पुन्हा म्हणून पाहायला सांगायचे. पुष्कळदा वाक्य तिथेच लंगडे पडते आणि म्हणणारा स्वतःच ते बदलतो. ज्याच्या समाजाविषयी ते बोलले गेले त्याच्याकडे वळून ‘तुम्हाला काय वाटते?’ असे कधीही, कधीही विचारायचे नाही. तो तिथे माणूस म्हणून आला आहे, आरोपीचा वकील म्हणून नाही. त्याला स्वतःहून बोलायचे असेल तर वाट मोकळी, नसेल तर पाच मिनिटे थांबायचे, आणि दुसऱ्या दिवशी दोघांशी वेगवेगळे बोलायचे. हा दुसऱ्या दिवसाचा फोन बहुतेक नवे संवादक विसरतात, आणि माणसे गळतात ती इथे. तेच वाक्य तिसऱ्यांदा आले तर त्या व्यक्तीने त्या फेरीपुरता गट सोडायचा. धमकी आली तर बैठक त्याच क्षणी संपवायची.

चुका कुठे होतात? संवादक घाबरून माहिती द्यायला लागतो, आकडे आणि इतिहास, आणि वर पाहिले त्याप्रमाणे माहिती हे सर्वांत दुबळे हत्यार. किंवा बहुसंख्य गटातल्या कुणाला फार अपराधी वाटू लागते, तो अर्धा तास माफी मागत बसतो, आणि ज्याची माफी मागितली त्याच्यावरच त्याची समजूत काढायची पाळी येते. किंवा एखादा आपल्या धर्मातले उत्तमोत्तम समोरच्याच्या धर्मातल्या वाइटाशी ताडून पाहतो. स्टॉकहोमचे बिशप क्रिस्टर स्टेंडाल यांनी १९८५ साली, त्यांच्या शहराजवळ दुसऱ्या पंथाचे मंदिर बांधायला विरोध होत असताना, तीन नियम सांगितले होते: दुसऱ्या धर्माविषयी त्याच्या अनुयायांना विचारा, विरोधकांना नको, आपले सर्वोत्तम त्यांच्या सर्वांत वाइटाशी तोलू नका, आणि त्यांच्या धर्मातले काही आपल्याकडे असते तर बरे झाले असते असे वाटायला मनात जागा ठेवा. हे तीन नियम आमच्या प्रत्येक कागदाच्या डोक्यावर छापलेले असतात. तिसरा नियम वाचताना काही जण अस्वस्थ होतात, आणि तो त्यांच्यासाठीच आहे.

चौथी तक्रार घड्याळाची आणि ताटाची. ती बारीकसारीक वाटेल, पण निमंत्रण खरे आहे की नाही हे इथे कळते. मेळावा शुक्रवारी दुपारी ठेवला की जुम्म्याची नमाज अदा करणारे येणार नाहीत. शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्र पडेपर्यंत सब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा पवित्र दिवस, पाळणारे ज्यू वाहनाने येऊ शकत नाहीत आणि ध्वनिक्षेपकावर बोलू शकत नाहीत. रविवारी सकाळी चर्च. हिजरी, म्हणजे इस्लामी चांद्र, वर्ष ३५४ किंवा ३५५ दिवसांचे, त्यामुळे रमझान दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. गेल्या वर्षीची तारीख पाहून यंदाची ठरवता येत नाही. बहाईंचा १९ दिवसांचा उपवास मार्चमध्ये असतो. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चचा ईस्टर इतर ख्रिस्त्यांच्या ईस्टरहून बऱ्याच वर्षी वेगळ्या दिवशी येतो. व्रतस्थ जैन सूर्यास्तानंतर जेवत नाहीत, थेरवादी बौद्ध भिक्खू दुपारनंतर जेवत नाहीत. ‘शाकाहारी ठेवले की सगळ्यांचे भागले’ असे म्हणून चालत नाही: जैनांना कंदमुळे नकोत, आणि कोशरचे, म्हणजे ज्यूंच्या आहाराचे, नियम कडक पाळणाऱ्याला भांडीही चालावी लागतात, त्यामुळे त्याच्यासाठी प्रमाणित, सीलबंद पाकीट हाच सुरक्षित मार्ग. प्रत्येक पदार्थापुढे घटकांची चिठ्ठी ठेवा, म्हणजे कुणाला विचारत फिरावे लागणार नाही. आणि एका धर्माची प्रार्थना सर्वांना उभे राहून म्हणायला लावू नका. म्हणणाऱ्याने म्हणावी, बाकीच्यांनी शांत बसावे, एवढ्याने आदर होतो.

बैठकांनी सगळे होते असा दावा आम्ही करत नाही. २०२० साली इराकमधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला: आयसिस या दहशतवादी संघटनेच्या हल्ल्यांत विस्थापित झालेल्या ख्रिस्ती खेळाडूंच्या काही फुटबॉल संघांत चिठ्ठ्या टाकल्यासारखे करून मुस्लिम खेळाडू घातले, काहींत नाही. मिश्र संघांतले ख्रिस्ती खेळाडू स्पर्धा संपल्यावर सहा महिन्यांनीही मुस्लिमांबरोबर सराव करताना जास्त दिसले. मैदानाबाहेरच्या अनोळखी मुस्लिमांशी त्यांचे वागणे मात्र फारसे बदलले नाही. आमचाही अनुभव याहून वेगळा नाही. टेबलाशी झालेली मैत्री आपोआप रस्त्यावर उतरत नाही. सहाव्या बैठकीतले काम म्हणूनच हवे, आणि ते गटाबाहेरच्या माणसांना सोबत घेऊन व्हायला हवे. इथेच आम्हाला समितीची सर्वांत जास्त गरज आहे. ऑलपोर्ट यांची चौथी अट वरच्यांच्या पाठिंब्याची होती, आणि नेमक्या त्याच वेळी तुम्ही हात काढून घेत आहात.

आमच्या मागण्या अशा.

ठराव मागे घ्या, आणि पुढच्या वर्षी किमान चार गट, प्रत्येकी सहा बैठका, चालू ठेवा. लागणारी साधने म्हणजे एक खोली, बारा सारख्या खुर्च्या, छापील कागद आणि पेन्सिली. मंडप आणि ध्वनिक्षेपकाच्या खर्चापुढे ते काहीच नाही.

प्रत्येक गटाला दोन संवादक द्या, वेगवेगळ्या पार्श्वभूमीचे. नव्या संवादकाने आधी एक पूर्ण फेरी नुसते निरीक्षण करावे, मग दोन दिवसांचे प्रशिक्षण, मगच गट हाती घ्यावा. गट निवडताना एका धर्माची किमान दोन माणसे, निम्म्या स्त्रिया आणि कुठलाच धर्म न मानणाऱ्यांना जागा, हे नियम लेखी करा.

वर्षाच्या सुरुवातीला सर्व धर्मांच्या सणवारांची आणि उपवासांची एकत्र दिनदर्शिका करून प्रत्येक समाजातल्या माणसाकडून ती तपासून घ्या. तारखा त्यानंतर ठरवा.

मेळावा करायचाच असेल तर गटांच्या फेऱ्या संपल्यावर करा. व्यासपीठ नको. बोलायला गटातल्या जोड्या असाव्यात, आणि प्रत्येकाने आपल्या धर्माविषयी न बोलता दुसऱ्याच्या धर्माविषयी आपल्याला काय कळले ते सांगावे. ते बरोबर आहे की नाही हे शेजारच्याने तिथेच सांगावे.

काम दिसत नाही म्हणता, तर ते मोजा. ‘कार्यक्रम आवडला का’ या प्रश्नाने काही कळत नाही. सुरुवातीला, शेवटी आणि सहा महिन्यांनी तेच तीन प्रश्न विचारा: दुसऱ्या धर्माच्या कुणाला गेल्या महिन्यात स्वतःहून फोन केलात का, अडचणीत त्याची मदत मागाल का, आणि गटाबाहेरच्या अनोळखी माणसाला शेजारी म्हणून घ्याल का? उत्तरे जशी येतील तशी प्रसिद्ध करा, वाईट आली तरी.

आणि समितीतल्या निदान तिघांनी पुढच्या फेरीत गटात बसावे. पाहुणे म्हणून नको, सहाही बैठका, पाचवी धरून.

ठरावाचा फेरविचार कोणत्या सभेत होणार हे आम्हाला लेखी कळवावे. तिसऱ्या बैठकीसाठी योनाच्या चौथ्या अध्यायातल्या वेलीच्या ओळी आणि कुराणातल्या त्या दहा आयती एकाच कागदावर छापून तयार ठेवल्या आहेत. तुमच्या तिघांच्या प्रतीही त्यातच आहेत.

आपले,
छोट्या गटांचे संवादक